एक युनिकॉर्न आणि टोकियोतलं जॉबवर्क

आवडत्या गोष्टींच्या याद्या करायचा मला जुना रोग आहे. आवडती पाच ॲनिमे, आवडते पाच अल्बम, आवडत्या पाच फँटसी कादंबऱ्या. दर दोन-तीन वर्षांनी याद्या काढायच्या, दोन नावं खोडायची, एखादं वर सरकवायचं. जगाला ह्याचा शून्य उपयोग आहे, पण कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, मी याद्या करतो. तर ह्या तिन्ही याद्यांमध्ये एक नाव इतकी वर्षं जागचं हललेलं नाही : 'द लास्ट युनिकॉर्न'. पीटर बीगलची कादंबरी १९६८ची, तिच्यावरचा चित्रपट १९८२चा, आणि त्या चित्रपटातल्या गाण्यांचा अल्बम, 'अमेरिका' नावाच्या बँडने गायलेला.

कादंबरी आणि अल्बमबद्दल कुणी तक्रार करत नाही. ॲनिमेच्या यादीत नाव दिसलं की मात्र जाणकार मंडळी भुवया उंचावतात. निर्माते अमेरिकन, लेखक अमेरिकन, पात्रांचे आवाज इंग्रजी, मग हे ॲनिमे कसं? माझं उत्तर असं, की बाबांनो, हे चित्र काढलं कुणी ते बघा. आणि ते बघायला गेलं की एक मोठी मजेदार (आणि थोडी खिन्न करणारी) हकीकत हाती लागते. ती एकदा नीट लिहून काढावी असं बरेच दिवस मनात होतं.

तसं पाहिलं तर आपल्याला हा प्रकार नवा नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. गुलजारचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज. रविवारी सकाळी ते बघणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं की हे निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या जपानी कंपनीचं काम आहे? बावन्न भागांची मालिका, १९८९-९० मध्ये आधी जपानात दाखवली गेलेली. मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखकाचं १८९४ चं पुस्तक, टोकियोत काढलेली चित्रं आणि हिंदी गाणं. आपल्या डोक्यात मात्र तो मोगली शंभर टक्के आपला. चित्र काढणारा हात कुणाचा, हा प्रश्न बघणाऱ्याला पडतच नाही.

अमेरिकेत रँकिन-बास नावाची कंपनी होती. आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास हे दोघे तिचे मालक. टीव्हीसाठी नाताळचे खास कार्यक्रम बनवणं हा त्यांचा मुख्य धंदा. त्यांचा व्यवहार सरळ होता. गोष्ट, गाणी, आवाज, पात्रांची मूळ रेखाटनं न्यूयॉर्कला. प्रत्यक्ष हलतं चित्र जपानला. १९६४चा त्यांचा गाजलेला रुडॉल्फ रेनडियर जपानात तादाहितो मोचिनागाच्या स्टुडिओत बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेला आहे. ह्यामागे कलेचं प्रेम किती आणि हिशोब किती हे सांगायला नको. १९७१पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला भाव होता. आपल्याकडे ज्याला जॉबवर्क म्हणतात ते हेच. माल त्यांचा, डिझाइन त्यांचं, मजुरी आपली.

१९७२ मध्ये तोरू हारा ह्या गृहस्थाने टोकियोत टॉपक्राफ्ट नावाचा स्टुडिओ काढला. हारा मूळचा तोएई कंपनीतला. इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी हेही तोएईतच उमेदवारी करून बाहेर पडलेले. (ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) टॉपक्राफ्टचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रँकिन-बास. आणि त्यांच्याकडून आलेलं मोठं काम म्हणजे टोल्किनचा 'हॉबिट', जो २७ नोव्हेंबर १९७७ रोजी एनबीसीवर दाखवला गेला.

ह्या 'हॉबिट'बद्दल माझं मत जरा दुभंगलेलं आहे. गॉब्लिन बेडकासारखे दिसतात आणि मिर्कवूडचे एल्फ बघून तर टोल्किनने हाय खाल्ली असती. पण पार्श्वभूमीची चित्रं बघा. ती धूसर जलरंगातली झाडं, ते डोंगर, स्मॉगच्या गुहेतला तो अंधार. तिथे कुणीतरी मन लावून बसलं होतं, नुसती पाट्या टाकायची असती तर एवढं कुणी केलं नसतं. त्याच्या गाण्यांची एलपी निघाली ती बुएना व्हिस्टा रेकॉर्ड्सकडून, म्हणजे डिस्नेच्या कंपनीकडून. डिस्नेच्या चित्रांचा टोल्किनला मनापासून तिटकारा होता आणि तसं त्याने १९३७ मध्येच पत्रात लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये तो वारला, एवढं एक बरं झालं. असो.

आता बीगलकडे येतो. हा न्यूयॉर्कचा माणूस, जन्म १९३९चा. पहिली कादंबरी १९६० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी छापून आली. १९६२च्या उन्हाळ्यात तो एका चित्रकार मित्राबरोबर मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात झोपडीवजा घर घेऊन राहिला आणि तिथे त्याने युनिकॉर्नची गोष्ट सुरू केली. त्या पहिल्या खर्ड्यात युनिकॉर्नच्या सोबतीला दोन डोक्यांचा एक राक्षस होता आणि दोघं आजच्या अमेरिकेतून, हमरस्त्यांवरून फिरत होते. ते जमेना. बाड बाजूला पडलं. मग मित्राबरोबर स्कूटरवरून अमेरिका आडवी पार केली, त्यावर एक प्रवासवर्णन लिहिलं, आणि मग पुन्हा युनिकॉर्नकडे परतला. पुस्तक आलं १९६८ मध्ये. त्याच वर्षी अर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. फँटसीवाल्यांनी ह्या वर्षाला नमस्कार करायला हरकत नाही.

'युनिकॉर्न'ला मराठीत काय म्हणायचं ह्यावर मी बराच वेळ घालवलाय. 'एकशिंगी' म्हटलं की डोळ्यापुढे काझीरंगाचा गेंडा उभा राहतो. गंमत म्हणजे हा प्राणी मुळात आपल्याच अंगणातला समजला जायचा. टिसियस नावाच्या ग्रीक वैद्याने ख्रिस्तपूर्व चारशेच्या आसपास लिहून ठेवलंय की भारतात एक शिंग असलेली रानगाढवं असतात. बहुतेक गेंड्याच्याच ऐकीव गोष्टी असाव्यात. पुढे युरोपाने त्या गाढवाचं काय करून टाकलं बघा! तर, युनिकॉर्नच म्हणू.

गोष्ट थोडक्यात अशी. एक युनिकॉर्न रानात एकटीच राहते. (बीगलची युनिकॉर्न 'ती' आहे.) शिकाऱ्यांच्या बोलण्यातून तिला कळतं की जगात ती शेवटची उरली आहे, आणि बाकीच्या कुठे गेल्या हे शोधायला ती बाहेर पडते. माणसांना ती दिसते, पण युनिकॉर्न म्हणून दिसत नाही. त्यांना वाटतं एक पांढरी घोडी चाललीय. एक फिरती सर्कसवाली चेटकीण तिला पकडते, आणि लोकांना शिंग दिसावं म्हणून खऱ्या शिंगावर जादूचं खोटं शिंग चढवते! सगळ्या पुस्तकात मला सगळ्यात झोंबलेली कल्पना ही. खरी वस्तू समोर असताना लोकांना ती नकलेशिवाय ओळखू येत नाही.

पुढे श्मेंड्रिक नावाचा ढ जादूगार भेटतो, मॉली ग्रू नावाची दरोडेखोरांच्या टोळीत भाकऱ्या थापून पिचलेली बाई भेटते. मॉली युनिकॉर्नला पाहून हरखत नाही, चिडते. मी कोवळी पोर होते तेव्हा यायचं सोडून आता आलीस, असा तिचा राग. विशीत वाचलं तेव्हा हा प्रसंग माझ्या डोक्यावरून गेला होता. चाळिशीनंतर वाचला तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बीगलचं टोल्किनशी नातं जुनं होतं. टोल्किनच्या अमेरिकन पेपरबॅक आवृत्तीच्या सुरुवातीला बीगलचं छोटं टिपण छापलेलं असायचं, आणि राल्फ बाक्षीने १९७८ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा जो ॲनिमेशनपट काढला त्याच्या पटकथेवर बीगलचं नाव आहे. म्हणजे सत्तरच्या दशकात टोल्किनची दोन कार्टूनं झाली, एकाची चित्रं टॉपक्राफ्टने काढली आणि दुसऱ्याची पटकथा बीगलने लिहिली. १९८२ मध्ये हे दोन धागे एकत्र आले. 'लास्ट युनिकॉर्न'ची पटकथा स्वतः बीगलची, निर्माते रँकिन-बास आणि चित्रं टोकियोत टॉपक्राफ्टची. काम रँकिन-बासकडे गेल्याचं कळल्यावर बीगल मुळीच खूश नव्हता. नाताळच्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांच्या हाती आपलं पुस्तक, ही कल्पना त्याला रुचली नव्हती. चित्रपट पाहिल्यावर त्याचं मत पार बदललं.

आणि का बदलू नये? सुरुवातीची नामावलीच बघा. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात १५०० सालच्या आसपास विणलेले युनिकॉर्नच्या शिकारीचे प्रचंड पडदे आहेत, त्यांच्या धाटणीवर ती चितारलीय. टोकियोतल्या चित्रकारांनी एका अमेरिकन कादंबरीसाठी पाचशे वर्षांपूर्वीचं युरोपीय विणकाम कागदावर उतरवलं, झाडंझुडपं, कारंजी, फुलं सगळ्यासकट. आणि तो तांबडा बैल. त्याला कडा नाहीत, नुसत्या ज्वाळा. हे संगणक नसतानाचं काम आहे, प्रत्येक ज्वाळा कुणीतरी हाताने काढलेली, पारदर्शक सेलवर हाताने रंगवलेली. शेवटी समुद्राच्या फेसातून युनिकॉर्न बाहेर पडतात तेव्हा लाट कुठे संपते आणि आयाळ कुठे सुरू होते ते कळत नाही. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलंय. लाट लपेटून घेणारी ती रेषा जपानी हाताची आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

माणसांचे चेहरे मात्र साधारण आहेत. राजपुत्र लिर तर जाहिरातीतला वाटतो. राजा हॅगार्ड सुटला तो क्रिस्टोफर लीच्या आवाजामुळे. लीचं ह्या पुस्तकावर प्रेम होतं. काय काय अजिबात कापायचं नाही त्याच्या खुणा केलेली प्रत घेऊन तो ध्वनिमुद्रणाला आला होता, असं बीगल सांगतो. जर्मन आवृत्तीतही हॅगार्डचा आवाज लीनेच दिला.

अल्बमबद्दल माझं मत काहीसं पक्षपाती आहे, आधीच सांगून टाकतो. गाणी जिमी वेबची, वाद्यवृंद लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा, आणि गाणारे जेरी बेकली आणि ड्युई बनेल, म्हणजे डॅन पीक सोडून गेल्यानंतरचं 'अमेरिका'. १९८२ मध्ये हा बँड जुना झाला होता. पण त्या थोड्या दमलेल्या, गोड आवाजातच ह्या गोष्टीचं मर्म आहे. मिया फॅरो आणि जेफ ब्रिजेस ह्यांनी चित्रपटात स्वतः गायलंय, ते नसतं गायलं तर बरं झालं असतं. अल्बम १९८३ मध्ये निघाला तो जर्मनीत, ज्या देशाचा चित्रपट त्या देशात नाहीच. अमेरिकेत थिएटरातही तो फारसा चालला नाही. तो जगला तो टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर, लहान मुलांच्या जिवावर.

आता ती दोन नावं. टॉपक्राफ्ट युनिकॉर्नवर काम करत होतं त्याच सुमारास, १९८२च्या फेब्रुवारीपासून, तोकुमा शोतेन प्रकाशनाच्या 'ॲनिमेज' मासिकात मियाझाकीची 'नाउसिका' ही चित्रकथा येऊ लागली. तिच्यावर चित्रपट करायचं ठरलं तेव्हा निर्माता ताकाहाता, दिग्दर्शक मियाझाकी आणि स्टुडिओ मात्र नाही! तोकुमा म्हणजे पुस्तकवाले, त्यांच्याकडे चित्रकारांची फौज कुठून असणार? तेव्हा ताकाहाताने टॉपक्राफ्टची निवड केली. सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट उभा राहिला आणि ११ मार्च १९८४ रोजी लागला.

इथे एक दंतकथा खोडून टाकायला हवी, कारण ती चाहत्यांच्या गप्पांत सारखी भेटते : 'लास्ट युनिकॉर्न' घिबलीने बनवला. साफ चूक. घिबली तेव्हा जन्मलंच नव्हतं, आणि मियाझाकीचा त्या चित्रपटाशी काडीचा संबंध नाही. उलट बाजूनेही अतिशयोक्ती नको. 'नाउसिका'साठी बाहेरून पुष्कळ लोक घेतले होते, मुख्य ॲनिमेशन दिग्दर्शक काझुओ कोमात्सुबारा बाहेरचा, आणि तो अजस्र वितळता योद्धा काढणारा पोरगा म्हणजे पुढे 'एव्हानगेलियन' करणारा हिदेआकी आन्नो. पण छप्पर टॉपक्राफ्टचं होतं, टेबलं टॉपक्राफ्टची होती, आणि त्या टेबलांवर आधी बिल्बो आणि युनिकॉर्न काढलेली माणसं बसली होती. दहा वर्षं परक्यांच्या परीकथा काढून काढून तयार झालेले हात एका जपानी गोष्टीला लागले.

'नाउसिका'चा एक अल्बमही माझ्या यादीत आहे, आणि तो चित्रपटाच्या आधीचा आहे. जपानात 'इमेज अल्बम'ची पद्धत असते, म्हणजे चित्रपट तयार व्हायच्या आधीच, नुसती कथा आणि रेखाटनं बघून संगीतकाराने केलेलं संगीत. १९८३च्या नोव्हेंबरात निघालेला हा अल्बम जो हिसाइशी नावाच्या, तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या माणसाने केला. चित्रपटाचं संगीत दुसऱ्या मोठ्या नावाकडे जायची शक्यता होती. पण मियाझाकी आणि ताकाहाताला हा अल्बम इतका आवडला की काम हिसाइशीलाच मिळालं. त्यानंतर ही जोडी सुटलीच नाही. चित्रपटाच्या शेवटच्या, वाद्यवृंदाने भरलेल्या आवृत्तीपेक्षा हा आधीचा, सिंथेसायझरवरचा, जरासा ओबडधोबड अल्बम मला जास्त जवळचा वाटतो. अजून चित्र दिसलेलं नसताना ऐकू आलेलं संगीत आहे ते.

मग 'नाउसिका' अमेरिकेत गेली. १९८५ मध्ये न्यू वर्ल्ड पिक्चर्सने तिची वीसेक मिनिटं कापली, पात्रांची नावं बदलली, आणि 'वॉरियर्स ऑफ द विंड' ह्या नावाने खपवली. टोकियोच्या लोकांनी टोल्किन आणि बीगल जिवापाड जपून काढून दिले होते. त्यांची स्वतःची गोष्ट तिकडे पोचली तेव्हा तिची ही गत. मियाझाकी इतका दुखावला की पुढे कित्येक वर्षं परदेशी वितरकांना कापाकापीला सक्त मनाई होती.

अर्सुला ले ग्विनचा धागा इथेच येऊन मिळतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मियाझाकीने तिला पत्र लिहून 'अर्थसी'वर चित्रपट करायची परवानगी मागितली होती. तिने त्याचं काहीच पाहिलं नव्हतं, ॲनिमेशन म्हणजे डिस्ने एवढीच तिची कल्पना, त्यामुळे तिने नकार दिला. बऱ्याच वर्षांनी तिने 'तोतोरो' पाहिला आणि ती मियाझाकीची चाहती झाली, मग स्वतःहून होकार कळवला. पण तोवर मियाझाकी थकला होता, चित्रपट त्याच्या मुलाने, गोरोने केला, २००६ मध्ये, आणि ले ग्विनला तो तिच्या पुस्तकासारखा वाटला नाही. मलाही नाही. १९८३ मध्ये, त्याच टेबलांवर, बापाच्या हातून झाला असता तर... असले खेळ मी रात्री झोप येत नसली की खेळतो.

टॉपक्राफ्ट १९८५ मध्ये संपलं. 'नाउसिका'सारखा चित्रपट घडवूनही संपलं, कारण चित्रपटाचं नाव झालं तरी काम करून देणाऱ्याच्या हाती मजुरीच उरते. त्याच वर्षी जूनमध्ये तोकुमाच्या पैशावर स्टुडिओ घिबली निघाला, तोरू हारा त्याचा कारभार बघायला आला, काही जुने लोकही आले. सुरुवातीला तिथेही तीच रीत होती, चित्रपटापुरती माणसं गोळा करायची, चित्रामागे पैसे द्यायचे, चित्रपट झाला की पांगायचं. १९८९ मध्ये 'किकी' चालल्यावर मियाझाकीने हट्ट धरला की चित्रकारांना कायम नोकरीवर घ्या आणि त्यांचा मोबदला दुप्पट करा. त्या नोव्हेंबरपासून घिबलीत माणसं पगारावर आली. घिबलीच्या इतिहासात तोतोरोबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, पण माझ्या मते तो नोव्हेंबर त्याहून मोठा. जॉबवर्क म्हणजे काय ते ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच हे सुचतं.

हे आपल्यालाही कळायला जड जाऊ नये. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ रिदम अँड ह्यूज कंपनीचा, आणि तिच्या मुंबई-हैदराबादच्या शाखांतही त्यावर काम झालं होतं. २०१३च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. मालाड-अंधेरीकडे रात्रपाळी करून दुसऱ्याच्या गोष्टीतले केस, पाणी, धूर रंगवणारी मुलं कमी नाहीत, आणि त्यांच्या यादीतही कुठलातरी एक 'नाउसिका' असणारच.

टॉपक्राफ्टच्या माणसांची नावं लपवलेली मुळीच नाहीत. 'लास्ट युनिकॉर्न'च्या नामावलीत तोरू हारा आहे, कात्सुहिसा यामादा आहे, आणि त्सुगुयुकी कुबो आहे, जो 'हॉबिट'मध्येही होता. पोस्टरवर मात्र फॅरो, ब्रिजेस, ली. मी तरी आता नामावली पूर्ण बघितल्याशिवाय उठत नाही.

टॉपक्राफ्टची बाकीची निम्मी मंडळी घिबलीत गेली नाहीत. त्यांनी पॅसिफिक ॲनिमेशन नावाची कंपनी काढली आणि रँकिन-बासचंच काम पुढे चालू ठेवलं; १९८५चं 'थंडरकॅट्स' त्यांनी काढलेलं. पुढे ती कंपनी डिस्नेने विकत घेतली आणि तिची डिस्नेची जपान शाखा झाली. २००४ मध्ये डिस्नेने ती बंद केली, तेव्हा तिथल्या काही लोकांनी मिळून 'द आन्सर स्टुडिओ' नावाचं नवं दुकान मांडलं.